सगळ्यांचा बांध

डोंगरातला प्रत्येक ओढा आपापल्या कासवाच्या नावाने ओळखला जायचा, तेव्हाची ही गोष्ट. येसू कासवी रोज संध्याकाळी आपल्या ओढ्याच्या मातीच्या बांधाला पोट लावून पडायची. कुठे ओल लागली, की तिथे चिखल थापायची आणि तो सुकेपर्यंत हलायची नाही.

एका पुरात बरेच बांध वाहून गेले. तेव्हा नदीकाठच्या म्हशीने सगळ्या कासवांना बोलावलं. "एकेकटे राहिलात म्हणून बुडालात. आता सगळे बांध एका मंडळाचे." येसूनेही मान डोलावली. तिला खरंच हायसं वाटलं होतं.

मंडळाने तिला पलीकडच्या डोंगरावर नेमलं. तिच्या जागी दुसरं कासव यायचं होतं. निघाली तेव्हा आपला जुना बांध ओलांडताना तिच्या पोटाला ओल लागली. ती क्षणभर थबकली. "आता मंडळ बघेल," असं म्हणून पुढे गेली.

परतली तेव्हा बांध फुटला होता. चिखलात मासे तडफडत होते. म्हैस धावत आली. "अगं येसू, हा बांध होता कुणाचा?"

येसूने फुटक्या बांधाला पोट लावलं.

"सगळ्यांचा होता, म्हशीबाई," ती म्हणाली, "म्हणून तर मी थांबले नाही."