होडी मागायची राहिली

तिन्ही बाजूंनी नदी आणि चौथ्या बाजूला उभा कडा, अशा एका गावात इंदूआक्का नावाची बाई राहत होती. तिची लेक शेवंता पैलतीरावरच्या गावात दिली होती. उन्हाळ्यात नदी गुडघाभर, तेव्हा दोघी हवं तेव्हा भेटत. पावसाळ्यात मात्र गावाची होडी हाच आधार, आणि गेल्या पुरात ती होडी फुटून वाहून गेली. तेव्हापासून मायलेकी पावसाळाभर रोज संध्याकाळी आपापल्या काठावरच्या बाभळीला लाल फडकं बांधत. फडकं दिसलं की समजायचं, तिकडे सगळं ठीक आहे. पण फडक्याला काही पोटाशी धरता येत नाही.

यंदा शेवंताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि सासरचे तिला धाडणार ते सातवा महिना लागल्यावर, ऐन श्रावणात. आक्काचा सगळा जीव त्या नसलेल्या होडीत अडकला.

उन्हाळ्यात शहरात दानशूरांची परिषद भरली. होडी मागायला गावाने आक्काला पाठवलं. वाटेत शेवंताने तिचा हात धरून सांगितलं, "आई, होडी घिऊनच ये."

परिषदेत सकाळी 'मागावं कसं' याचा वर्ग होता. शिकवणाऱ्या साहेबांनी होडीचं नाव ऐकलं आणि हसून मान हलवली. होडी मागणं आता जुनं झालं, यंदा देणाऱ्यांचं मन संगणकांवर आहे, असं त्यांनी समजावलं. दुपारी जेवणाच्या मांडवात ओळखी वाढवण्याचा तास होता. जो तो हातातलं ताट सांभाळत दुसऱ्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचत होता. त्या गर्दीत नरहरशेठ नावाचे मोठे दानशूर आक्कापुढे येऊन थांबले. तुमच्या गावाला काय हवं, असं त्यांनी आपुलकीने विचारलं.

होडी अगदी ओठांवर आली होती. पण आक्काने विचार केला, आधी ओळख तर होऊ दे, होडी काय, मागाहून मागता येईल. ती म्हणाली, "शाळेला संगणक द्या, शेठजी."

शेठ खूश झाले, साहेबही खूश झाले. मग शेठ पुढच्या माणसाकडे वळले, आणि होडी मागायची राहूनच गेली. घरी आल्यावर लेकीला आणि गावाला तिने एवढंच सांगितलं की श्रावणात शेठ येणार आहेत.

श्रावणात शेठ खरंच आले. खोक्यांनी भरलेला टेम्पो पैलतीरावर थांबला. नदी दुथडी भरून वाहत होती. काठावर शेवंता माहेरी जायचं गाठोडं घेऊन बसली होती. पलीकडे जायचं कसं, असं शेठनी तिलाच विचारलं.

"होडी आणलीसा न्हवं?" शेवंता म्हणाली. "माझ्या आईनं मागितलीय तुमच्याकडं."

शेठनी टेम्पोतले संगणक दाखवले. "बाळ, माझ्याकडे होडी कुणी मागितलीच नाही. मागितली असती, तर आधी तीच दिली असती."

यंदाचं दान वाटून झालं होतं. होडीचं आता पुढच्या परिषदेत बघू, असं हळहळून सांगत शेठ खोक्यांसकट माघारी गेले.

ऐलतीरावर आक्काला यातला एकही शब्द ऐकू आला नाही. तिला टेम्पो वळताना दिसला, आणि मग लेक आपल्याकडे बघताना दिसली. तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. संध्याकाळी तिने बाभळीला फडकं बांधलं आणि अंधार पडेपर्यंत ती समोर बघत उभी राहिली. पलीकडच्या बाभळीवर लाल काही दिसलं नाही.

तात्पर्य: ज्याची ओढ असेल तेच मागावं. देणाऱ्याच्या आवडीचं मागून झोळी भरते, पण आपलं माणूस पैलतीरीच राहतं.