एक डोळा समुद्राकडे

त्या किनाऱ्यावर घर बदलायचं तर सगळ्यांदेखत उघडं व्हावं लागे. तिथले खेकडे रिकाम्या शंखांत राहत. अंग वाढलं की शंख तंग होई. मग लाटेने एखादा मोठा शंख आणून टाकला की थोरल्यापासून धाकट्यापर्यंत रांग लागे. पहिला नव्या शंखात शिरे, दुसरा पहिल्याला शेवाळाच्या जुड्या देऊन त्याच्या जुन्यात, तिसरा दुसऱ्याच्या. मधल्या चार पावलांत खेकड्याचं मऊ, वाकडं पोट उघड्यावर असे. म्हणून रीत होती, की तेवढा वेळ बाकीच्यांनी डोळे समुद्राकडे वळवायचे.

दगडूआबांचा एक डोळा न चुकता समुद्राकडे असे. दुसऱ्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं, कारण ते वयाने मोठे होते.

संध्याकाळी खडकावर बसून ते सांगत, "वामनने शंखाच्या नऊ जुड्या घेतल्या. नऊ! आत भेग आहे हो, मी बघितलीय. आणि पोट तर... जाऊ दे."

वामन दुसऱ्याच दिवशी खडकापलीकडे राहायला गेला.

रेवाचा शंख आता इतका तंग झाला होता, की श्वास घ्यायचा तर एक पाय बाहेर काढावा लागे. एका सकाळी भला मोठा शंख वाहून आला. रांग लागली. आबा नेहमीसारखे बाजूला सरकले. "माझं काय, मी आपला देखरेखीला."

रांग हललीच नाही. भरती चढत होती. पाणी इथवर आलं की नवा शंख परत समुद्रात.

"मावशी, निघ ना," रेवा पुढच्या गोमतीमावशीला म्हणाली.

"मी नाही बाई. उद्या माझी भेग किनाराभर होईल."

"भेग आहे?"

"नसली तरी होईल."

रेवा तडक आबांपुढे गेली. "आबा, सगळ्यात मोठा शंख तुमचा. पहिला नंबर तुमचा."

"अगं, भाव कळले तर तुम्हा पोरांचंच भलं, म्हणून मी..."

"मग तुमचाही कळू दे. निघा!"

आबा अर्धे बाहेर आले. सगळ्या रांगेने एकेक डोळा समुद्राकडे वळवला. आबा झटकन आत गेले.

"दोन्ही वळवा, मेल्यांनो!" शंखातून आवाज आला.

"तुम्हीच शिकवलंत, आबा," मावशी म्हणाली.

रेवाच्या पायांना पाणी लागलं. बघायची तिला फार इच्छा होती. दात असते तर तिने ते खाल्ले असते. पण तिने दोन्ही डोळे समुद्राकडे फिरवले आणि ओरडली, "वळवा रे सगळे!"

सगळे वळले. मागे वाळूवर घाईघाईची पावलं वाजली.

आबांचं पोट कसं होतं, ते त्या किनाऱ्यावर अजून कोणाला माहीत नाही. जुड्या किती घेतल्या, ते मावशीला माहीत आहे, आणि ती सांगत नाही.

मावशीही नव्या जागी गेली. रेवाची पाळी आली. बाहेर पडण्याआधी कोणी बघत नाही ना, याची तिने मागे वळून खात्री करून घेतली.

नव्या शंखात आबा पाठमोरे बसले होते. त्यांचा एक डोळा समुद्राकडे होता. दुसरा सवयीने मागे वळू बघत होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या नांगीत घट्ट पकडून ठेवला होता.