आधी पत कमवा, साहेब

इचलकरंजीच्या एका कॉलेजात नव्याकोऱ्या बँकेचे मॅनेजर बर्गेसाहेब खाती गोळा करायला आले. माइकवरून गरजले, "आमची बँक परवा सुरू झाली म्हणून घाबरू नका. कुणीतरी आधी विश्वास टाकल्याशिवाय तो सिद्ध कसा होणार?" प्राचार्यांनी मान डोलावली, तो त्यांचा आयुष्यभराचा धंदाच. पोरं फॉर्म भरायला लागली.

नूतन खरातला विद्यार्थ्यांचं क्रेडिट कार्ड हवं होतं. कार्डाशिवाय दुकानदार लॅपटॉप हप्त्यावर देईना, आणि लॅपटॉपशिवाय नुकतंच मिळालेलं डिझाइनचं काम हातचं जाणार होतं. बर्गेंनी तिचा अर्ज दोन बोटांनी मागे सरकवला. "कर्ज फेडल्याचा मागचा पुरावा कुठाय? आधी पत कमव, बाळ."

"कुणी कर्जच दिलं नाही तर कमवू कशी?"

"उलट बोलू नकोस!" प्राचार्य खेकसले.

नूतन सरळ माइकपाशी गेली. "पेनं खाली ठेवा रे! साहेबांच्या बँकेनं आजवर कुणाची ठेव परत केल्याचा पुरावा नाही. आधी पत कमवू दे बाळाला."

सगळा हॉल खदखदून हसला आणि पेनं पटापट खाली आली. बर्गेंनी घाम पुसला, अर्ज ओढून घेतला आणि मंजुरीची सही ठोकली. "कुणीतरी आधी विश्वास टाकायलाच हवा," ते पुटपुटले.

"हां," नूतन माइकवर म्हणाली, "आता उचला पेनं."