कोळिणीचं पांढरं गाठोडं

एका शेताच्या बांधावर मुंग्यांचं वारूळ होतं आणि त्याला लागूनच एका बिळात एक कोळीण राहत होती. ही जाळं विणणारी नव्हती. जमिनीवर धावून शिकार करणारी, एकटीच राहणारी.

एके सकाळी पाट फुटला आणि पाणी वारुळात शिरलं. मुंग्यांनी कोषातली पिल्लं तोंडात धरून वरच्या कोरड्या खोल्यांत हलवली. पाणी ओसरल्यावर एका दाई मुंगीच्या लक्षात आलं, आपल्याकडचा एक कोष नाही. तिनं ओली माती पुन्हा पुन्हा उकरली. काही सापडलं नाही.

वर आली, तर समोरून कोळीण चाललेली. तिच्या पोटामागे पांढरं, गोल गाठोडं चिकटलेलं.

"हे काय आहे?" दाईनं विचारलं.

"माझी अंडी आहेत, मुंगीताई. मीच धागा काढून पिशवी केली."

दाईला पटेना. पिल्लू तोंडात धरतात. असं मागे लावून फरपटत कोण नेतं? ती कोळिणीवर नजर ठेवू लागली. कोळीण खातानाही गाठोडं खाली ठेवत नव्हती. कोणी जवळ आलं की वळून ते आड करत होती. स्वतःचं असतं तर एवढं लपवलं असतं का, असं दाईनं घरी विचारलं. पहाऱ्यावरची म्हातारी म्हणाली, त्याला आपला वास नाही गं. दाई म्हणाली, पुसला असेल.

शेवटी मुंग्या बिळाशी गेल्या. गाठोडं उघडून दाखव, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"आत्ता उघडलं तर एकही जगणार नाही," कोळीण म्हणाली. "दिवस भरले की मीच पिशवी उसवीन. पिल्लं माझ्या पाठीवर चढतील. तेव्हा या, सगळ्यांनी बघा."

म्हातारीचं मत पडलं, थांबू या.

"तोवर हिनं माझं पिल्लू खाल्लं तर?" दाई म्हणाली. तशा बाकीच्या मुंग्या पुढे सरसावल्या.

मुंग्यांनी गाठोडं ओढून नेलं आणि वारुळात फाडलं. आत मोहरीहून बारीक, पिवळसर अंडी होती. मुंगीचा कोष नव्हता. बघता बघता अंडी सुकून गेली.

दाई हे सांगायला निघाली. बिळाच्या तोंडाशी कोळीण उन्हात बसली होती. अशा कोळिणीची पिशवी गेली की ती शोधत फिरते आणि मिळेल ती गोल वस्तू आपली म्हणून उचलते, हे दाईला ठाऊक नव्हतं. कोळिणीनं गोगलगायीचा रिकामा शंख पोटामागे लावला होता. सगळीकडून सारखी ऊब लागावी म्हणून मागच्या पायांनी ती तो सावकाश फिरवत होती.

दाई जवळ गेली, तशी तिची सावली शंखावर पडली.

"मुंगीताई," कोळीण म्हणाली, "जरा सरकता का? पिल्लांवर सावली पडतेय."

दाई सरकली.

तात्पर्य काढायचं तर इतकंच: आपलं काही हरवलं की दुसऱ्याजवळचं आपलं वाटू लागतं. अशा वेळी खात्री करून घ्यायला थोडं थांबावं. घाईनं केलेल्या खात्रीनंतर परत करण्यासारखं काही उरत नाही.