घंगाळाखालचा राउटर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राउटर होते का, असं विचारू नका. या गोष्टीत आहे.

एका डोंगरगावात एक घाबरट मुलगी राहायची. तिची धाकटी बहीण नदीपलीकडच्या गावी दिलेली. दोघी रोज पडद्यावर एकमेकींना बघत गप्पा मारायच्या.

एके सकाळी थोरलीनं एक गंमत सांगितली. ती स्वतः हसून थांबली, आणि मग कुठे धाकटीचं हसू आलं.

थोरली घाबरून पडद्याजवळ सरकली. "रागावलीस का गं?"

उत्तर यायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं. "छे गं! तुझा आवाजच मागाहून येतोय."

धाकटीचे दिवस भरले होते. पहिलंच बाळंतपण. "सुईण आहे, पण तू बोलत राहा. तुझा आवाज असला की भीती वाटत नाही," असं तिनं सांगून ठेवलं होतं. आणि नेमका आताच आवाज अडखळायला लागला!

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "राउटरचा खटका बंद कर, दहा मोज, चालू कर."

थोरलीनं खटका बंद केला. सातावर आल्यावर तिला शंका आली, सहा म्हटलं होतं ना? पुन्हा पहिल्यापासून मोजलं. फरक शून्य.

ती तक्रार घेऊन राजाच्या कचेरीत गेली. दारातला पोपट म्हणाला, "आपण रांगेत आहात. कृपया थांबा." रांगेत ती एकटीच होती.

दुपारी पडदा उजळला. "ताई, कळा..." एवढं ऐकू आलं आणि धाकटीचा चेहरा तसाच थिजला.

तेवढ्यात भिंतीवर चुकचुक झाली. थोरली किंचाळून बाजेवर चढली.

"ओरडू नकोस, मलाही धडकी भरते," पाल म्हणाली. "एवढंच सांग, माझ्या घरावर घंगाळ कुणी उपडं घातलं?"

"तु... तुमचं घर?"

"तो राउटर गं. त्याच्या उबेला माझा संसार. कालपासून बेघर आहे मी."

"मीच घातलं," थोरली रडवेली झाली. "मांजर पाडेल, ओल लागेल, कुणाची दृष्ट लागेल, म्हणून..."

"छान! आता तूच घंगाळाखाली बस आणि बहिणीला हाक मार. जाईल नदीपलीकडे?"

थोरलीनं घंगाळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पण मांजरानं पाडलाच तर?"

"तर उचलून ठेव. हात आहेत ना तुला? मला तर तेवढेही नाहीत."

थोरलीनं दोन्ही हातांनी घंगाळ बाजूला केलं. राउटर उचलून ती माजघरातल्या उंच फळीवर उघडाच ठेवू लागली. पाल तिच्या मनगटावरून सुळकन फळीवर गेली. थोरली पुन्हा किंचाळली, पण राउटर काही तिनं हातातून सोडला नाही, नीट फळीवर टेकवला.

मग तिनं हाक मारली, "बाळे, मी आहे गं! ऐकतेस ना?"

तिनं श्वास घ्यायच्या आत पलीकडून उत्तर आलं.

"ऐकतेय, ताई! बोलत राहा!"

तात्पर्य: भीतीपोटी झाकून ठेवलेली वस्तू शाबूत राहते, पण गरजेला धावून येत नाही.