आंबेखोलचा पाणघण

आंबेखोलच्या लोहारआळीमागे कातळात कोरलेला एक पाट आहे. हातभर रुंद, गुडघाभर खोल. नवखा माणूस तो पाहून बुचकळ्यात पडतो, कारण हा पाट कुठल्याच शेताला जात नाही. पऱ्यातून, म्हणजे बारमाही ओढ्यातून, निघतो, पन्नासेक पावलं सरळ चालतो आणि पुन्हा त्याच पऱ्याला जाऊन मिळतो. वाटेत ना बाग, ना विहीर. एवढा कातळ कुणी आणि कशासाठी फोडला, असं विचारलं की आळीतले वसंततात्या लोहार पाहुण्यांना ओट्यावर बसवतात आणि सांगू लागतात.

किती पिढ्यांपूर्वीची गोष्ट, ते तात्यांनाही नक्की ठाऊक नाही. गावात तेव्हा लोहाराचं एकच घर होतं म्हणे. लखमोजी आणि त्याची बायको आनसा. लखमोजी सांडशीत तापलं लोखंड धरायचा, आनसा घण मारायची. लखमोजीच्या उजव्या हातात एक लहान हातोडी असे. तिने तो लोखंडावर हलकेच ठोका द्यायचा, की पुढचा घाव तिथे पडायचा. ठोका जोरात तर घाव जोरात, ठोका हळू तर घाव हळू. दोघं कामावर असली की तासन्‌तास एक शब्द बोलत नसत.

एका दिवाळीनंतर घण उचलताना आनसेचा पाय घसरला आणि तिचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्याने तो बसवला खरा, पण जाताना सांगून गेला, "हा हात आता डोक्याच्या वर जाणार नाय."

लखमोजीने गावातले दोन गडी हाताशी घेऊन पाहिले. पहिल्याने सांडशीवरच घाव घातला. दुसरा दुपारीच पाठ धरून घरी गेला. काम अडलं. त्यात आनसा रोज सकाळी उठून डाव्या हाताने घणाचा दांडा पुसून ठेवायची, ते लखमोजीला बघवत नसे.

एकदा तो कुणाच्या तरी सुपारीच्या बागेत खुरपी पोचवायला गेला. तिथे पाण्याच्या जोरावर रहाट फिरत होता. लखमोजी खुरपी हातात घेऊन तिथेच उभा राहिला. पाणी चाक फिरवतं, तर पाणी घण का उचलणार नाही? घरी परतताना त्याने ग्रामदेवीच्या देवळात थांबून नवस केला, असं सांगतात. "पाण्याने घण चालला, तर पहिला फाळ तुझ्या पायाशी ठेवीन."

पौषापासून चैत्रापर्यंत त्याने एकट्याने कातळ फोडून पाट काढला. वैशाखात लाकडाचं चाक बसवलं आणि त्याच्या आसाला चार जाड खुंट ठोकले. ऐनाच्या लाकडाचा एक लांब वासा तराजूच्या दांडीसारखा दोन खांबांमध्ये तोलून धरला. वाशाच्या पुढच्या टोकाला घण, खाली ऐरण. चाक फिरलं की आसाचा खुंट वाशाचं मागचं टोक दाबायचा आणि घण वर जायचा. खुंट सुटला की घण धाडकन खाली; चाकाचा वेग जास्त, तर घण उसळून आणखी वर जायचा आणि घावही जोरात पडायचा. भट्टी आणि भाताही त्याने तिथेच पऱ्याकाठी हलवला.

पहिल्या दिवशी सगळा गाव जमला. लखमोजीने पाटाच्या तोंडाची फळी वर ओढली. चाक कुरकुरलं, फिरू लागलं आणि घण पडू लागला. म्हाताऱ्यांनी हात जोडले म्हणे. लखमोजीने आनसेकडे पाहिलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती नुसतीच बघत होती.

मग त्याने लाल झालेला फाळ ऐरणीवर धरला आणि गोंधळ सुरू झाला.

पहिला फाळ भाकरीसारखा थापला गेला. दुसरा टोकाला चिरला. लखमोजीने घण बदलून हलका लावला, तर लोखंड दबेना. चार खुंटांचे तीन केले, तर दोन घावांच्या मधे लोखंड निवू लागलं. फळी थोडी खाली सोडून पाणी कमी केलं, तर घाव हळू पडायचे खरे, पण लगेच नाही. फळी सोडल्यावरही तीन घाव जुन्याच जोराने पडायचे. फाळाची धार त्या तीन घावांत जायची. लोखंड काढून घ्यावं, तर त्याची लाली जायची आणि पुन्हा भट्टीत घालावं लागायचं.

"घण चांगला, ऐरण तीच, लोखंड तेच, हात माझेच," तो आनसेला म्हणाला. "मग बिघडतं कुठं?"

त्याने तिच्याकडे वळून विचारलं, "तुला बरं वाटत नाय काय? तुझ्यासाठीच केलं ना हे सगळं?"

"तुम्ही मला विसावा दिलात की कामावरून काढलंत, माझं मलाच कळत नाय," ती म्हणाली.

लखमोजीने सांडशी उचलली आणि तो पुन्हा भट्टीकडे वळला.

मृग जवळ आला. गावचा प्रमुख, गावकर सोनबा, दोन माणसांना घेऊन आला. "लखमोजी, देवीच्या पाण्याला तू राबवलंस. ती कोपली असेल. बोकड दे. आणि आठ दिवसांत फाळ झाले नाय, तर आम्हाला घाटावरचा लोहार आणून वसवावा लागेल. नांगर थांबायचे नायत."

एका लोहारावर दुसरा लोहार आणला, म्हणजे पहिल्याने भाता गुंडाळून गाव सोडायचं, हे सांगावं लागत नसे. लखमोजीने बोकड दिला. दुसऱ्या दिवशी फाळ पुन्हा चिरला. आता तर तो पुरता चक्रावला. देवी कोपली म्हणावी, तर बोकड घेऊनही कोप जाईना. कोपली नाही म्हणावं, तर फाळ होईना. चांगला झालेला एकही फाळ नव्हता, आणि बिघडलेला नवसाला कसा चालेल?

चार दिवस उरले असताना, ऐन दुपारी तो पुन्हा ऐरणीपाशी उभा होता. आनसा पाटाच्या तोंडाशी कातळावर बसली होती. घण पडत होता आणि लखमोजी दर दोन घावांच्या मधे हातोडीने लोखंडावर ठोका देत होता.

"अहो," ती ओरडली, "तुम्ही कुणाशी बोलताय?"

"मी? कुणाशी नाय."

"हातोडीनं सांगताय ना, हितं मार, हळू मार म्हणून. कुणाला सांगताय? त्या घणाला कान हायत काय?"

लखमोजीने हातातल्या हातोडीकडे पाहिलं. गेले कितीतरी दिवस तो ठोके देत होता आणि ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

आनसा उठली. तिने पाटाच्या फळीला दोर बांधला, तो फळीच्या वर ठोकलेल्या खुंटीवरून घेतला आणि दुसरं टोक डाव्या हातात धरलं. "आता सांगा," ती म्हणाली.

त्याने ठोका दिला, तिने दोर ढिला सोडला, फळी खाली आली. पण पाणी ऐकेपर्यंत तीन घाव जोरानेच पडले. फाळ गेला. दुसराही तसाच गेला. लखमोजीने सांडशी खाली ठेवली.

"पुन्हा तापवा," आनसा म्हणाली. "आणि या खेपेला मला सांगू नका."

"सांगू नको? मग तुला कळणार कसं?"

"तापवा तरी."

त्याने तिसरा फाळ तापवून ऐरणीवर धरला. हातोडी कमरेला खोचली. घण पडू लागला. फाळ लांब होत गेला, टोकाकडे निमुळता झाला. आता घाव हळू व्हायला हवेत असं त्याच्या मनात येतंय न येतंय, तोच एक घाव हलका पडला. दुसरा त्याहून हलका. तिसरा नुसता टेकला. घण थांबला. फाळ अखंड होता. टोकापासून चार बोटांवर तीन खळगे उमटले होते, पहिला खोल, दुसरा उथळ, तिसरा जेमतेम दिसण्याजोगा.

तिने दोर कधीच सोडला होता. त्याच्या मनात यायच्या तीन घाव आधी.

"मी तर तुला काही सांगितलं नव्हतं," लखमोजी म्हणाला.

"तुम्ही सांगेस्तोवर थांबले असते, तर हाही गेला असता."

"पण तुला कळलं कसं?"

"ते मलाबी सांगता यायचं नाय," ती म्हणाली.

फाळ देवीकडे नेण्याआधी लखमोजीने ते खळगे सपाट करायला घेतले, तेव्हा तिने त्याचा हात धरला. "राहू देत. तेवढंच माझं काम दिसतंय त्यात."

मृगाच्या आदल्या दिवशी गावाचा शेवटचा फाळ झाला. घाटावरच्या लोहाराला निरोप गेलाच नाही. सोनबा म्हणत राहिला की बोकडामुळे जमलं. काहीजण आजही तसंच म्हणतात. तात्या त्यांच्याशी वाद घालत नाहीत.

पुढे कधीतरी चाक कुजलं, वासा मोडला. आता आळीत विजेच्या मोटारीवर चालणारे घण आहेत. तेही लोहारांनी घरीच केलेले, ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे, पट्टे आणि भंगारातली चाकं जोडून. मोटारीचा जोर कमीजास्त करायला खाली पायपट्टी असते आणि त्या पट्टीवर घरातल्या बाईचाच पाय असतो. लोहार लोखंड धरतो. तिला सूचना देणं हा आळीत मोठा अपमान समजला जातो. नव्या सुनेला किती दिवस आणि किती लोखंड वाया घालवून ते जमतं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आजही आंबेखोलचा फाळ, कोयता, कुऱ्हाड, काहीही घ्या, त्यावर ते तीन खळगे सापडतात. पाहुणे बोट फिरवून बघतात आणि पायपट्टीवरच्या बाईला विचारतात, पाय कधी उचलायचा हे कसं कळतं? ती लाजते, नवऱ्याकडे बघते. नवराही मान हलवतो. त्यालाही ठाऊक नसतं.