कडू पानांची तूर

नदीच्या वळणावरच्या एका सागवनात एक खार राहत असे. मोठी उद्योगी होती ती. तिथले सारे प्राणी मिळून माळावर तूर पेरत आणि थंडीभर तीच खात. पण दोन वर्षे झाली, तुरीवर अळ्या पडत होत्या. सोलावी ती शेंग पोकळ निघे. तेव्हा खारीने एक युक्ती केली. कडुनिंबाच्या पानातला कडूपणा तिने तुरीच्या बियाण्यात आणून बसवला. कसा बसवला, ते तिचे तिलाच ठाऊक! त्या तुरीची पाने कडू, शेंगेची साल कडू, पण आतला दाणा गोड. अळी एकदा तोंड लावी, ती पुन्हा फिरकत नसे.

पेरणीच्या आधी वडाखाली सभा भरली. खारीने नवे बियाणे सर्वांपुढे ठेवले. तोच कावळा ओरडला, "शिवू नका रे त्याला! ही तूर खाल्ली की शेपटी झडते!"

"कोणाची झडली?" कासवाने विचारले.

"ते मला काय माहीत? नदीपलीकडे सगळे तसंच बोलतात."

"त्या कावळ्याचं काय ऐकता?" ससा उडी मारून पुढे आला. "इथे पोटात कावळे ओरडताहेत, तेवढे पुरे! आजच सगळा माळ पेरून टाकू."

मग काय, जो तो ओरडू लागला. त्या गोंधळात एक तितरीण हळूच म्हणाली, "मला एकच विचारायचंय. अळ्याच उरल्या नाहीत, तर माझी पिल्लं काय खातील? लहानपणी त्यांना दाणा गिळता येत नाही."

सारी सभा हसली. "घ्या! बाईसाहेब अळ्यांची वकिली करायला आल्या," ससा म्हणाला. खारही फणकारली, "एवढी खपले मी! आता चार अळ्यांसाठी ही तूर फेकून देऊ?"

"फेकू नकोस, खारूताई," कासव म्हणाले. "पण माळावरही आत्ताच नको. नदीतल्या बेटावर एक हंगाम पेरून पाहू. माळावर जुनीच तूर राहू दे."

"म्हणजे आणखी एक थंडी अर्धपोटी?" सशाने विचारले.

"हो रे, अर्धपोटी. पण चूक माळभर उगवली, तर ती उपटायला आपण पुरणार नाही."

कुरकुरत का होईना, सर्वांनी ते मानले. थंडी आली. बेटावरच्या तुरीला भरगच्च शेंगा लागल्या. एके सकाळी सर्वजण पाहायला गेले, तर कावळा आधीच तिथे शेंगा सोलत बसलेला! "काय कावळेभाऊ, शेपटी आहे ना जागेवर?" सशाने विचारले. कावळ्याने घाईने मागे वळून पाहिले, आणि सगळे पोट धरून हसले. खारीचा आनंद तर गगनात मावेना.

इतक्यात कासव पाठीवर तितरिणीची नवी पिल्ले घेऊन बेटावर पोचले. पिल्ले तुरुतुरु तुरीत शिरली. या ओळीतून त्या ओळीत गेली, पाने उलटीपालटी केली, आणि उपाशीच परत येऊन आईच्या पंखाखाली शिरली. आता कोणी हसले नाही. खार त्या पिल्लांजवळ गेली. मग म्हणाली, "तितरीणबाई, तुमचा प्रश्न खरा होता. मीच ऐकला नाही."

पुढच्या हंगामात माळावर नवी तूर पेरली गेली. पण माळाच्या चारी कडांना खारीने स्वतः जुन्या तुरीच्या ओळी लावल्या. "एवढी जागा अळ्यांना?" ससा हळहळला. "अळ्यांना नाही रे, पिल्लांना," खार म्हणाली. त्या थंडीत सशाचे पोट इतके भरले की त्याला उडी मारवेना, आणि कडेच्या ओळींतून दिवसभर पिल्लांची किलबिल ऐकू येई. कावळा मात्र वडावर बसून सर्वांना सांगत होता, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, तूर चांगली आहे!"

तात्पर्य : नवी गोष्ट ऐकीव भीतीने टाकू नये आणि भुकेच्या घाईने उचलू नये, ती आधी पारखून पाहावी, आणि पारखताना सर्वांत हळू विचारलेला प्रश्नही ऐकावा.